आधी खाली बसायचं

हिंगोलीत आम्ही ज्या घरात भाड्यानं राहायचो, तिथं मोठ्यानं बोलायला बंदी होती. घरमालकांनी वडिलांना खोल्या दाखवल्या तेव्हा भाड्याच्याही आधी ही अट सांगितली. भांडी आपटायची नाहीत, दार धाडकन लावायचं नाही आणि कुणाच्या पाठीमागून जाऊन हाक मारायची नाही. वडील तहसील कचेरीत नकला करायच्या कामावर होते. दिवसभर मान खाली घालून लिहिणारा माणूस, त्यांना ही अट फार आवडली. आई मात्र पहिल्याच दिवशी कुजबुजली, "माणूस येडा दिसून राहिला."

सगळं गाव त्यांना उस्ताद म्हणायचं. हिंगोलीत छावणी होती तेव्हा ते मिसरूडही न फुटलेल्या वयात तिथल्या तबेल्यात लागले आणि आपल्या मामांच्या हाताखाली घोडी वळवायला शिकले. पुढं छावणी उठली, फौज गेली, उस्ताद राहिले. जमीनदारांची, टांगेवाल्यांची बिथरलेली जनावरं त्यांच्याकडं यायची. जनावर अंगणातल्या कडूलिंबाखाली बांधायचं आणि मालकाला घरी पाठवून द्यायचं, ही त्यांची रीत. "तुमच्याच वासानं भडकून राहिलंय ते," असं ते मालकाला तोंडावर सांगायचे. चाबूक आणणाऱ्याला तर ते अंगणातही येऊ देत नसत.

दिसायला उंच, सडपातळ. मिशा मेंदीनं लाल केलेल्या आणि त्यांचा त्यांना भारी अभिमान. घरात कायम अनवाणी. दाराच्या बिजागऱ्यांना करडईचं तेल ते स्वतः घालायचे, आमच्याही. माणसांशी ते घोड्यांशी वागावं तसंच वागत. आधी लांबूनच खाकरायचे, मग डाव्या बाजूनं यायचे, खांद्यावर हात ठेवायचे आणि मगच बोलायचे. एकदा तहसीलदारसाहेब रस्त्यात भेटले तर उस्तादांनी त्यांच्याही खांद्यावर हात ठेवला. बरोबर वडील होते. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

शांततेचा एवढा सोस असलेला हा माणूस मुळात फार रागीट होता. राग आला की मानेच्या शिरा टरारून यायच्या. पण अशा वेळी उस्ताद एक शब्द बोलत नसत. सरळ लिंबाखाली जाऊन मातीत उताणे पडायचे. पायाची बोटं घट्ट आवळायचे, सोडायचे. मग पोटऱ्या, मग मांड्या, मग मुठी. प्रत्येक अवयवाला ते हळूच सांगायचे, "सो जा." सगळ्यात शेवटी जबडा. गल्लीतली लेकरं कुंपणावरून बघून फिदीफिदी हसायची. उस्ताद उठायचे तेव्हा पाठ मातीनं भरलेली असायची, कधी मुंग्याही डसलेल्या असायच्या, पण राग गेलेला असायचा. "राग माझा, मार घोड्यानं काहून खायचा?" असं ते म्हणायचे.

मला फेफरं यायचं. उस्ताद त्याला मिरगी म्हणत. दहा-अकरा वर्षांची असताना सुरू झालं आणि त्यातच एकदा चुलीजवळ पडून माझं कोपर भाजलं. आम्ही आधी राहायचो तिथल्या मालकिणीनं अपशकुनी पोरगी म्हणून आम्हाला बाहेर काढलं, म्हणून तर आम्ही उस्तादांकडं आलो. आईवडिलांनी हे त्यांना सांगितलं नव्हतं. लपवायचं असं ठरलं होतं. पण फेफरं लपून कसं राहणार? पंधरवड्याच्या आतच मी अंगणात रांजणाजवळ पडले. शेजारपाजारच्या बायका धावल्या. कुणी चप्पल नाकाला लावा म्हणे, कुणी कांदा फोडा म्हणे, एकीनं माझी मूठ उघडायला बोटं ओढायला सुरुवात केली. हे सगळं मला नंतर आईनं सांगितलं. उस्ताद आले आणि हलक्या आवाजात म्हणाले, "बाजूला व्हा. हवा येऊ द्या तिला." त्यांनी मला कुशीवर वळवलं, आपला फेटा डोक्याखाली दिला आणि शेजारी नुसते बसून राहिले. शुद्धीवर आले तेव्हा भोवती गर्दी नव्हती, हे माझ्या बाबतीत पहिल्यांदाच घडत होतं.

त्याच आठवड्यात माझा मामा आला. त्यानं लांबच्या गावाहून डाग देणारा एक माणूस बरोबर आणला होता. कपाळावर आणि दोन्ही पायांच्या अंगठ्यांवर तापलेल्या लोखंडाचा डाग दिला की फेफरं जातं, अशी त्याची ख्याती होती. आई रडत होती, पण नको म्हणत नव्हती. वडील ओसरीच्या खांबाला टेकून उभे होते. गोवऱ्यांचा विस्तव फुलला, सळई लाल व्हायला लागली. मामानं माझे दोन्ही हात मागून धरले. माझी सळईवरची नजर काही केल्या हलत नव्हती.

उस्ताद डावीकडून आले. त्यांनी मामाच्या खांद्यावर हात ठेवला. मग रांजणातून बादली भरून घेतली, सावकाश चालत गेले आणि विस्तवावर पालथी केली. फसफसून वाफ आली. अंगातल्या पांढऱ्याशुभ्र सदऱ्याची पर्वा न करता ते त्या ओल्या राखेत मांडी घालून बसले.

"ही जागा माझी हाय," ते म्हणाले. "हितं विस्तव कशाला पेटवायचा ते मी ठरवीन."

मामा तडकला. "आमच्या घरातली गोष्ट हाय ही. तुमचा काय संबंध? ना जात ना नातं."

उस्तादांच्या मानेच्या शिरा वर आल्या. मला वाटलं, आता हे मामाला मारणार. त्यांनी दोन्ही मुठी आवळल्या, सोडल्या. पुन्हा आवळल्या, सोडल्या. मग माझ्या वडिलांकडं बघून म्हणाले, "बाबूसाहेब, लेकरू तुमचं हाय. तुमी सांगा, मी उठतो."

वडील कधी कुणाला उलटून बोलले नव्हते. ते खांबापासून एक पाऊल पुढं आले. मग खाली बघत म्हणाले, "राहू द्या. डाग नको."

मामा त्यानंतर कित्येक वर्षं आमच्याकडं आला नाही.

एवढं का केलं, असं आईनं उस्तादांना नंतर विचारलं. त्यांनी एकदाच सांगितलं आणि पुन्हा तो विषय काढला नाही. त्यांच्या धाकट्या बहिणीला मिरगी होती. तिच्या कपाळावर तीन डाग होते. तरी मिरगी गेली नाही आणि एक दिवस एकटीच पाण्याला गेली ती विहिरीतच पडली. "तिला कुणी विचारलंच न्हाई," उस्ताद म्हणाले, "पडायच्या आधी तुला काय व्हतं म्हणून. मी बी न्हाई विचारलं."

मला मात्र त्यांनी विचारलं. आई शेजारी तांदूळ निवडत होती. उस्ताद खाकरले, डावीकडून आले, बसले.

"बेटी, घोडं उधळायच्या आधी त्याचे कान सांगतात. तुझं काय सांगतं?"

मला आधी कळलंच नाही. सगळे विचारायचे ते पडल्यानंतरचं. आठवून आठवून मी सांगितलं. डाव्या अंगठ्यात मुंग्या येतात. त्या मनगटातून वर चढतात. खांद्याच्या वर गेल्या की पुढचं मला काही ठाऊक नसतं.

उस्तादांचे डोळे चमकले. "म्हंजे वाट लांब हाय," ते म्हणाले. "वाटंत अडवता येईल."

मग शिकवणी सुरू झाली. सकाळी अंघोळ झाल्यावर आणि संध्याकाळी दिवा लावायच्या आधी मी चटईवर आडवी व्हायची, आई जवळ बसायची आणि उस्ताद खांबापलीकडून पाठमोरे बसून सांगायचे. परक्याच्या मुलीकडं असं बघायचं नाही, हा त्यांचाच नियम. पायाची बोटं आवळ, सोड. पोटरी आवळ, सोड. श्वास घेताना पोट भरू दे. सोडताना विस्तवावर फुंकतेस तसा सोड, पण राख उडता कामा नये. शेवटी डोळे मिटून कयाधू नदीच्या वाळूत पडलीयेस असं समज. आईलाही एक काम दिलं होतं. मी पडले की त्याआधी काय काय झालं होतं, ते आठवून सांगायचं. त्यातनंच कळलं की मी बहुतेक वेळा उपासाच्या दिवशी पडते, झोप मोडली की पडते, आणि रडू दाबून धरलं की हमखास पडते. आईनं माझे सगळे उपास बंद केले. शेजारणींनी तोंडं मुरडली.

मुंग्या आल्या तर काय करायचं, ते निराळं. "आधी खाली बसायचं," उस्ताद सांगायचे. "कुठं बी असशील, कुणी बी समोर असंल, आधी बस. बसलेला माणूस पडत न्हाई. मंग मनगट घट्ट धर अन् वरून खाली चोळ, जोरात. श्वास लांब सोड. अन् तरी आली तर येऊ दे. भिऊन पळू नको. पळालं की ती जास्त पाठी लागती."

सुरुवातीला काही म्हणजे काही जमलं नाही. मुंग्या आल्या की मी घाबरून आईकडं धावायची आणि वाटेतच कोसळायची. मग एक दिवस भाकरी थापताना अंगठ्यात आलं, मी चुलीपासून मागं सरकून बसले, हात चोळत राहिले, आणि मुंग्या कोपरापाशी थांबल्या. थांबून परत फिरल्या. मी आईला हाक मारली, पण मला हसू फुटत होतं. उस्तादांनी ऐकलं आणि ते बाहेर गेले. येताना माझ्यासाठी गूळ-फुटाणे आणले.

सगळं काही त्यांचं बरोबर नसायचं. दही खाल्ल्यानं मिरगी येते असं त्यांच्या डोक्यात होतं, म्हणून मला वर्षभर दही मिळालं नाही. अमावास्येला ते मला भिजवलेले हरभरे खायला लावायचे, कारण घोड्याला मानवतात. मग वडिलांनी मला आगगाडीनं परभणीला नेऊन तिथल्या डॉक्टरांना दाखवलं. डॉक्टरांनी दह्याचा काही संबंध नाही म्हणून सांगितलं, रोज घ्यायच्या गोळ्या दिल्या आणि हात चोळण्याचं ऐकून घेऊन "चालू ठेवा" म्हणाले. उस्ताद रुसतील असं मला वाटलं होतं. दह्याच्या गोष्टीवर थोडे रुसलेही. पण गोळ्यांबद्दल म्हणाले, "घोड्याला लगाम बी लागतो अन् हात बी. दोन्ही घे." गोळी घेतली का, म्हणून ते रोज विचारायचे.

गोळ्या आणि उस्ताद मिळून माझं फेफरं बरंच आवरलं. महिनोन् महिने यायचं नाही. गेलं मात्र नाही. लग्नाचं बघायला लागले तेव्हा दोन ठिकाणी जमत आलेलं मोडलं. मी विशी गाठली आणि त्या काळात विशीची मुलगी घरात म्हणजे लोक आईवडिलांकडं दयेनं बघायचे.

मग ते वर्ष आलं. निजामाच्या राज्याचं काय होणार, हे कुणालाच कळत नव्हतं. खेड्यापाड्यांतून हत्यारबंद टोळ्या फिरायच्या, गंज्या जळायच्या, माणसं मरायची. उस्तादांच्याच धर्माची काही तरणी पोरं एकदा अंगणात आली आणि म्हणाली, या लोकांना घरातून काढा. उस्ताद एवढंच म्हणाले, "हळू बोला. घोडं बांधलंय." पोरं आली तशी गेली. बाहेरून माल यायचा बंद झाला होता. मीठ मिळेना, रॉकेल मिळेना, आणि माझ्या गोळ्या संपल्या. उरलेल्या शेवटच्या गोळ्या आई अर्ध्या करून द्यायची. त्याही संपल्या.

पावसाळा सरताना भारताचं सैन्य आलं आणि निजामाची सत्ता गेली. गावात लोकांनी साखर वाटली, वडिलांच्या डोळ्यांत पाणी आलं. पण दोन-चार दिवसांतच वारं फिरलं. सूड घ्यायला माणसं निघाली. ज्यांनी मारलं ते कधीच पळून गेले होते, राहिले होते ते उस्तादांसारखे. त्यांच्या थोरल्या बहिणीचा मुलगा, म्हणजे भाचा, आधीच हैदराबादला गेला होता. "मला कोन काय करतंय?" असं म्हणून उस्ताद थांबले होते. वडील कामासाठी वसमतला गेले होते ते रस्ते बंद झाल्यानं तिकडंच अडकले. गल्लीच्या टोकाला आरडाओरडा ऐकू आला तेव्हा आईनं उस्तादांना हाताला धरून आमच्या आतल्या कोठीच्या खोलीत नेलं. त्यांच्या अंगाला तिचा हात त्या दिवशी पहिल्यांदा लागला असेल.

टळटळीत दुपार होती. सात-आठजण दारात आले. सगळ्यांत पुढं पुसेगावकडच्या एका मोठ्या जमीनदाराचा मुलगा होता. आम्ही त्याला ओळखत होतो. त्याच्या चुलत्याला त्या वर्षात मारून टाकलं होतं आणि त्यांचा कडबा जाळला होता. त्याच्या हातात कुऱ्हाड होती.

"म्हातारा कुठाय?"

"गेले," आई आतून म्हणाली. "भाच्याकडं गेले." तिचा आवाज मलासुद्धा खोटा वाटला.

"आमी बघून जातो."

मी दारात उभी होते, आणि त्याच क्षणी डाव्या अंगठ्यात मुंग्या आल्या.

मी पडले तर काय होईल ते मला लख्ख दिसलं. मी पडणार, आई ओरडत धावणार, ही माणसं मला उचलून आत नेणार. मी खाली बसले. उंबऱ्यावरच बसले. लोक पुढं त्याला माझं धाडस म्हणायचे. धाडस कसलं, मी शिकवलेलं करत होते.

"उठ," तो म्हणाला.

मी श्वास लांब सोडला. मनगट घट्ट धरलं. "उठत न्हाई."

"बाईमाणसाला हात लावणार न्हाई मी. उठ म्हणतो ना."

"माझी आई आत एकटी हाय. तुमाला आत जायचं असंल तर मला वलांडून जा."

मागून कुणीतरी शिवी दिली. मुंग्या मनगटाच्या वर गेल्या होत्या. मी चोळत होते, वरून खाली, वरून खाली. समोर त्याचा पाय होता. चपलेचा अंगठा तुटला होता आणि सुतळीनं बांधला होता. मी त्या सुतळीच्या गाठीवर नजर लावली आणि श्वास सोडत राहिले.

"हाताला काय झालं?" त्यानं विचारलं.

"मुंग्या आल्या."

सुतळीची गाठ जागची हलली नाही. मुंग्या कोपराशी थांबल्या. मी वर बघितलं नाही. थोड्या वेळानं तो म्हणाला, "पुढची गल्ली बघून येऊ. मंग हे घर." आणि पावलं लांब गेली.

उस्ताद म्हणायचे, घोडं चढावर नाही, ओझं उतरल्यावर अडखळतं. पावलं वाजायची थांबली आणि मुंग्या सरसरत खांद्याच्या वर गेल्या.

पुढचं आईनं सांगितलेलं. मी उंबऱ्यातच आडवी झाले, अर्धी आत, अर्धी बाहेर. उस्ताद कोठीतून बाहेर आले.

"भाऊ, आत जा. दार उघडं हाय," आई म्हणाली.

"मंग लाव."

"कशी लावू? पोरगी उंबऱ्यात हाय. वढू का तिला आत?"

"वढू नको. होऊ दे तिचं." आणि ते उघड्या दारात, सगळ्या गल्लीला दिसतील असे बसले. मला कुशीवर वळवलं, डोकं हातांवर घेतलं.

जमीनदाराचा मुलगा परत आला. एकटाच पुढं आला होता, बाकीचे कोपऱ्यापलीकडं होते. त्यानं उस्तादांना बघितलं. उस्तादांनी त्याला बघितलं, आणि ओठांवर बोट ठेवलं. कुणी मोठ्यानं बोललं की ठेवायचे तसंच. आईनं डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा तो तिथं नव्हता. कोपऱ्यापलीकडून त्याचा आवाज आला, "हितं कोनी न्हाई. चला."

मी शुद्धीवर आले तेव्हा माझं डोकं हलत होतं. मला वाटलं, झटका अजून चालूच आहे. पण हलत होते ते उस्तादांचे हात.

ते हात पुढं थांबलेच नाहीत. चहाची बशी तोंडाला लावेपर्यंत निम्मा चहा सांडायचा. उस्ताद रोज लिंबाखाली पडायचे, एकेक अवयव आवळायचे, सोडायचे. पाय झोपायचे, पाठ झोपायची, जबडाही झोपायचा. हात झोपत नसत. मी एकदा खांबाआड बसून त्यांना सांगायला लागले, मूठ आवळा, सोडा. त्यांनी मान हलवली. "ऱ्हाऊ दे बेटी," म्हणाले.

थंडी पडली तेव्हा जमीनदाराचा तो मुलगा एक तांबडी घोडी घेऊन आला. त्या गडबडीत ती कुठंतरी आगीतून पळाली होती आणि तेव्हापासून कुणाला पाठीवर बसू देत नव्हती. तो अंगणाच्या बाहेरच उभा राहिला. मला त्याला बघून संताप आला. आईनं तर तोंड फिरवून आत निघून जाणंच पसंत केलं. उस्ताद खाकरले, डावीकडून गेले आणि घोडीच्या मानेवर हात ठेवला.

घोडी थरारली आणि फुरफुरत मागं सरली. उस्तादांनी पुन्हा हात ठेवला. ती पुन्हा सरली. मी त्या अंगणात इतकी वर्षं राहिले होते, त्यांच्या हाताखालून जनावर मागं सरताना कधी पाहिलं नव्हतं.

उस्तादांनी दोर त्या माणसाच्या हातात दिला. "तू धर," ते म्हणाले. "माझ्या हातात भ्या बसलंय. ते तिला कळून राहिलं."

मान खाली घालून त्यानं दोर धरला. मग उस्ताद ओसरीवर येऊन बसले आणि तिथून त्याला हळू आवाजात सांगू लागले. खांदा सैल सोड. श्वास लांब सोड. तिच्या डोळ्यांत बघू नको.

सगळी थंडी तो रोज सकाळी यायचा. घोडी शिकली. उस्तादांनी मात्र त्यानंतर कुठल्याच घोड्याला हात लावला नाही.